अंधारात उजळणारा गणपती

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या सोसायटीत कुणी रेडियमचं काही नवीन आणलं की ते आधी माझ्या दारात येतं. मॅडम, बघून सांगा ना, हे घरात चालतं का? मी हातही न लावता सांगते, चालतं. रिक्षाच्या मागे चिकटवलेली नावं, मुलांच्या खोलीच्या छताला लावलेल्या चांदण्या, बाथरूमच्या बटणावरचं ते हिरवट फूल, या सगळ्याला आपल्याकडे सरसकट रेडियम म्हणतात आणि त्यातल्या एकातही रेडियम नसतं. काही नुसती समोरून आलेला उजेड परत फेकतात, काही दिवसा खोलीतला उजेड पिऊन ठेवतात आणि रात्री अर्धाएक तास तो परत देऊन विझतात. हे ऐकून लोकांचा चेहरा जरा पडतोच. घाबरायची तयारी करून आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परत जायला आवडत नाही.

मी एका सरकारी खात्यात होते. किरणोत्सर्गापासून लोकांना जपायचं आमचं काम. आमच्या नात्यात मात्र मी कुठल्यातरी इस्पितळात एक्स-रे काढते असंच बरेच दिवस चाललं होतं. एका मावससासूबाईंनी तर मला भर लग्नात बाजूला घेऊन पाठीचा मणका दाखवला होता. मी तो बघितला आणि गरम पाण्याने शेका म्हणून सांगितलं.

खरं रेडियम कशात असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला जड जाणार नाही. जुन्या काळी घड्याळांचे काटे, विमानातल्या आणि जहाजांवरच्या डायली रात्री दिसाव्यात म्हणून त्यांना एक रंग लावत, त्यात ते असे. त्या रंगात एक पूड असते, ती चमकते. रेडियमचे कण तिला आतून सतत टोचत राहतात म्हणून ती चमकत राहते, तिला बाहेरच्या उजेडाची गरजच नाही. काही वर्षांनी टोचणी खाऊन खाऊन ती पूड थकते, चमक जाते, आणि लोक म्हणतात रंग मेला. मेलेली असते ती पूड. रेडियम जागच्या जागी असतं आणि ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. लांब ठेवलं तर त्याचा त्रास थोडा. पोटात गेलं तर मात्र शरीर फसतं. त्याला ते कॅल्शियम वाटतं. बरंचसं बाहेर पडून जातं, पण जे राहतं ते शरीर हाडांत नेऊन ठेवतं, आणि एकदा ठेवलं की ते तिथून काढायचा उपाय आमच्याकडे नव्हता.

एवढं कळलं की माझी निम्मी नोकरी कळली. उरलेली निम्मी म्हणजे लोकांची समजूत घालणं. त्याचं शिक्षण कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. पार्ल्याचे एक गृहस्थ वडिलांचं गजराचं घड्याळ वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्यांत गुंडाळून, हात लांब धरून घेऊन आले होते. त्यात खरंच रेडियम होतं. मी म्हटलं, काच उघडू नका, काटे खरवडू नका, बाकी खुशाल ठेवा. ते म्हणाले, अहो, पण वडील जन्मभर हे उशाशी घेऊन झोपले. मी विचारलं, वडील कधी गेले? तर म्हणाले, कुठे गेलेत, घरी आहेत, तेच म्हणाले टॅक्सीने जा म्हणून. अशी माणसं भेटली की दिवस बरा जायचा. आज लिहायचं आहे ते अशा दिवसांबद्दल नाही.

गिरण्या बंद पडून चार-पाच वर्षं झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. घाटकोपरला मनसुखभाईंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांचे फोटो धुतल्यावर काळपट यायला लागले. त्यांनी फोटोचा कागद विकणाऱ्या कंपनीशी भांडण काढलं. कंपनीचा माणूस चौकशीला आला, तो डोक्याने चांगला निघाला. त्याच्या लक्षात आलं की कपाटाच्या एकाच टोकाला ठेवलेली पाकिटं खराब होतायत, आणि त्या टोकाला एक बोटभर उंचीचा गणपती उभा आहे. त्याने आमच्या खात्याला फोन केला. आमचे साहेब फोनवर हसले आणि मग मला म्हणाले, बाई, जाऊन तर या.

मनसुखभाईंच्या डार्करूममध्ये आम्ही दार लावून उभे राहिलो. त्यांनी लाल दिवाही बंद केला. कोपऱ्यात गणपती उजळत होता, हिरवट पिवळा, मुकुटापासून पायापर्यंत. ज्या खोलीत महिनोन्महिने बाहेरच्या उजेडाचा कण येत नाही तिथे तो उजळत होता. मी मीटर सुरू केलं. मीटर म्हणजे किरण मोजायचं हातातलं यंत्र, एकेक कण लागला की टक असा आवाज करतं. ते टकटक करता करता एकसलग खरखरायला लागलं.

"बेन, हा जागृत आहे," मनसुखभाई अंधारात हळूच म्हणाले. "लाइट नसली तरी जळतो."

मी त्यांना सांगितलं की तुमचे कागद यानेच खराब केले. त्यांनी लाल दिवा परत लावला. मग म्हणाले, घेऊन जा, पण मी उचलणार नाही, तुम्हीच उचला. मी उचलला, बरोबर आणलेल्या शिशाच्या डब्यात ठेवला. मूर्ती पांढऱ्या धातूची ओतीव होती आणि तिच्यावर अंगभर तो रंग फासून वरून पातळ वॉर्निश मारलेलं होतं.

देवळाबाहेरच्या ज्या स्टॉलवरून मनसुखभाईंनी ती घेतली होती तिथून माग काढत मी टेकडीवरच्या एका चाळीत पोचले. तिथे तुकाराम आणि वंदना हे नवराबायको राहत. तुकाराम मालवणकडचा, गिरणीत मागावर होता. गिरणी गेल्यावर दोघं तयार मूर्ती आणून रंगवायला लागली होती. साधा चमकणारा रंग तासाभरात विझतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करायचं. तेव्हा एका भंगारवाल्याने त्यांना डायलींच्या जुन्या, पण अजून चमक न गेलेल्या रंगाचे डबे दिले. हा विझत नाही, भारी माल आहे, असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं. सगळ्याच चमकत्या रंगाला रेडियम म्हणतात, तेव्हा डब्यावर तेच नाव वाचून त्यांना शंका यायचं काही कारण नव्हतं.

या रंगाचा एक इतिहास आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. फार पूर्वी परदेशात घड्याळं रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायच्या. त्यांचे जबडे सडले. म्हणून दारातच मी वंदनाला पहिला प्रश्न विचारला की ब्रशला टोक कसं काढतेस. ती म्हणाली, पाण्यात बुडवून, फडक्याला पुसून. मी पुन्हा विचारलं, तोंडात कधी घातलास का, चुकून तरी?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "देवाच्या आंगाक लावचो ब्रश, तो तोंडात घालून उष्टो करूचो?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच त्यांच्या उंबऱ्यावर बसले. नंतर दोघांच्या तपासण्या झाल्या, त्यात काळजी करण्यासारखं फारसं निघालं नाही. एका साध्या उष्ट्याच्या विचाराने त्या बाईची हाडं वाचवली होती. साहेबांना सांगितलं तर तेही म्हणाले, देवच पावला म्हणायचा. हे वाक्य मला पुढे किती दिवस आवडत होतं, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. बाकी त्यांचं व्हायचं ते झालंच. त्यांच्या खोलीची जमीन आम्ही खरवडून नेली, गादी नेली, रंगवलेल्या मूर्ती नेल्या, धंदा बसला. तुकाराम पवईला कुठेतरी वॉचमन लागला असं कळलं. मला वाटेत भेटला असता तर काय बोलले असते, मला अजून सुचत नाही.

विकल्या गेलेल्या मूर्ती गोळा करणं हे पुढचं काम. पेपरात जाहीर करायला वरिष्ठ तयार नव्हते. उपनगरांत घबराट पसरेल, लोक रिक्षावरच्या पट्ट्यासुद्धा आणून टाकतील, असं त्यांचं म्हणणं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मग स्टॉलवाल्यांच्या आठवणीवर, तोंडोतोंडी निरोपांवर आम्ही फिरत होतो. बऱ्याच मूर्ती टीव्हीवर, शोकेसमध्ये, दुकानाच्या गल्ल्याशेजारी सापडल्या. अंधेरीच्या एका बिल्डिंगीत आमचा निरोप आमच्या आधी पोचला आणि घरच्यांनी मोरया म्हणून मूर्ती आवारातल्या विहिरीत सोडली. देव बाधला तर त्याला पाण्यात सोडायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. विहिरीचा गाळ उपसून, चाळून ती काढताना आमची काय वाट लागली ते आमच्या ड्रायव्हरच्या शब्दांत इथे लिहिता येणार नाही.

सगळ्यांना आम्ही एकच सांगत होतो. आजवर काही बिघडलेलं नाही, मूर्ती फक्त आमच्याकडे द्या. आमच्या कागदांवर तिची नोंद शोभेची वस्तू अशी होती, आणि शोभेची वस्तू कपाटावर उभी असते, लांबून बघायची असते. त्यावरून आम्ही सगळा हिशेब केला होता. हिशेब करणाऱ्यांत रोज सकाळी आंघोळ करून, पूजा करून कचेरीत येणारी माणसं होती. मीही होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका स्टॉलवाल्याला मुलुंडच्या एक काकू आठवत होत्या. मूर्ती नेल्यावर महिन्याभराने त्या मुद्दाम परत आल्या होत्या, हा गणपती फार जागृत आहे असं सांगायला. त्याच्याकडून पत्ता घेऊन मी सकाळीच गेले. तळमजल्यावरची जागा, पुढे दोन खोल्या, मागे गॅलरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवघर. काकूंची पूजा चालू होती. दार आप्पांनी उघडलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, गुडघे धरलेले, खुर्चीचा आधार घेत चालणारे. मी कुठल्या खात्यातून आले ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवांचं खातं तिच्याकडे, आत जा.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले, तशी काकूंनी मान वळवली. खांद्याला लावलेल्या मीटरच्या पिशवीकडे बोट करून त्यांनी विचारलं, ते कातडं आहे का? मी म्हटलं, हो, पिशवी कातड्याची आहे. मग ती बाहेर, त्या म्हणाल्या. मी ती बाहेर ठेवली. परत आले तर आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुम्हाला आज चालतंय ना? चालतंय म्हटल्यावर पाट दिला. मोठमोठ्या साहेबांनी माझ्या मुलाखती घेतल्या आहेत, पण इतकी सखोल चौकशी कुणी केली नाही. मी पाटावर बसले. मीटर पिशवीतच, बाहेर.

काकूंनी तो गणपती ताम्हनात घेतला. पळीने पाणी घातलं, दूध घातलं, परत पाणी घातलं. मग अंगठा आणि बोट यांत धरून त्याचं अंग चोळलं, पोट चोळलं, सोंड चोळली, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. मऊ फडक्याने पुसून जागेवर ठेवला, गंध लावलं, दूर्वा वाहिल्या. हे सगळं मी माझ्या आईला जन्मभर करताना बघितलं आहे, त्यामुळे मला त्यात काही दिसलंच नाही. त्यांनी पळी उचलली आणि म्हणाल्या, हात पुढे करा.

माझा उजवा हात आपोआप पुढे झाला. डावा त्याच्याखाली गेला. तळहातावर तीर्थ पडलं, आणि ते तोंडाकडे नेताना माझी नजर मूर्तीवर गेली. मनसुखभाईंचा गणपती अंगभर रंगलेला होता. या गणपतीच्या पोटावर रंग नव्हता. सोंडेवर नव्हता, गुडघ्यांवर नव्हता. नुसता पांढरा धातू झळकत होता. कानांच्या मागे आणि आसनाच्या खाचांत तेवढा हिरवट पिवळा रंग उरला होता. बाकीचा रंग रोज थोडा थोडा ताम्हनात उतरला होता.

"घ्या की," काकू म्हणाल्या.

माझा हात तसाच राहिला. मी विचारलं, काकू, बाकीचं तीर्थ कुठे टाकता?

"टाकते कुठे? तीर्थ कधी कुणी टाकतं का? मी थेंबभर घेते, बाकी सगळं यांना. गुडघे फार दुखतात ना त्यांचे. या गणपतीचं घ्यायला लागल्यापासून उतार आहे."

मी मागे वळून बघितलं. आप्पा दारात खुर्चीवर येऊन बसले होते. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती.

मी तळहातावरचं पाणी न सांडता बाहेर गेले आणि दुसऱ्या हाताने मीटर काढून त्यावर धरलं. ते टकटकायला लागलं. स्वतःच्या तळहातातून तो आवाज ऐकायची वेळ माझ्यावर नोकरीत तेवढी एकदाच आली. मग मी तीर्थ आणि ताम्हनातलं पाणी बाटलीत घेतलं, हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि त्यांना समोर बसवून जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सगळं सांगितलं. आप्पांना चटकन कळलं. ते वाटीकडे बघत राहिले. काकूंचं एकच चाललं होतं, की पण तो जागृत आहे हो, सगळा रंग गेला तरी रात्री दिसतो. मी म्हटलं, काकू, दिसतो तो राहिलेल्या रंगामुळे.

मूर्ती मी अशीच उचलून नेऊ शकत नव्हते, कायद्याने शकत होते तरी. काकूंनी उत्तरपूजा केली. दह्याचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची जराशी हलवली. शिशाचा डबा मी दोन्ही हातांनी खालून धरून पुढे केला तेव्हा म्हणाल्या, पालथा नका ठेवू. मी तो सरळ ठेवला. मग त्यांनी विचारलं, पुढे काय करता त्याचं? खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं, की सिमेंटमध्ये घालून खोल जमिनीत ठेवतात.

"पुरता? देवाला?"

मी म्हटलं, पाण्यात सोडता येत नाही काकू, ते पाणी कुणाच्यातरी पोटात जाईल. त्यांनी डब्याला हात जोडले. मला पोचवायला मात्र आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. जाड पोलादी भिंतींची एक खोली आमच्याकडे होती. तिच्यात माणसाला एकट्याला निजवून त्याच्या अंगातून काय बाहेर येतंय ते मोजायचं. आप्पांना आणि काकूंना बोलावलं, बोरिवलीला राहणाऱ्या मुलाची लहान मुलगी रविवारी आजीकडे यायची, तिला बोलावलं. नातीचं काहीच निघालं नाही. काकूंचं निघालं असलं तरी इतकं थोडं की मोजणाऱ्यांतच वाद झाला. आप्पांचं निघालं. आकडा मी लिहीत नाही, लिहून वाचणाऱ्याला काही कळणार नाही, आम्हाला तरी काय कळलं होतं? साहेबांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की हाडांत थोडं बसलेलं आहे, ते काढता येत नाही. त्यातून काही होईल किंवा कधीच होणार नाही, आणि व्हायचं असलं तरी पुष्कळ वर्षं लागतात. आप्पा म्हणाले, म्हणजे तोवर मी नसेनच. साहेब हसले नाहीत. आमच्या धंद्याची ही सगळ्यात वाईट बाजू. आम्ही कणाकणाचं मोजमाप करतो आणि समोरचा माणूस जे एक विचारतो, माझं काय होईल, त्याला आमच्याकडे उत्तर नसतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आप्पांनी मला थांबवलं. "तिला काय सांगणार तुम्ही?"

मी म्हटलं, तुमचं तुम्हालाच, दुसऱ्या कुणाला सांगायचा मला अधिकार नाही.

"मग मी सांगतो, निल आलं, काही नाही म्हणून. रोज वाटी भरभरून दिलीय हो तिने. स्वतः थेंब घेऊन मला वाटी दिली. हे तिला कळलं तर ती जगायची नाही."

त्यानंतर तपासणीसाठी ते आणखी दोनदा आले, प्रत्येक वेळी एकटेच, गुडघ्यांवर हात रोवत. दर वेळी जिन्याखालच्या कॅन्टीनमध्ये मी त्यांना चहा पाजायची. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की काकू आता सुपारीचा गणपती पुजतात आणि वाटी अजून देतात. मी विचारलं, घेता? ते म्हणाले, न घेऊन कसं चालेल, लगेच विचारेल ना का म्हणून. मग म्हणाले, गुडघे मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखतात. हे सांगताना त्यांना हसू आलं. मला आलं नाही.

तिसरी तपासणी झाल्यावर वर्षभराने आप्पा गेले. हृदयाच्या झटक्याने गेले. त्याचा रेडियमशी काही संबंध नाही, असं मी छातीठोक सांगू शकते, आणि त्यांची हाडं पुढे किती शाबूत राहिली असती ते कुणीच सांगू शकत नाही. मला कळलं ते कचेरीत आलेल्या फोनवरून. काकूच बोलत होत्या. आवाज अगदी कोरडा होता. माझं एक काम आहे, म्हणाल्या, उद्या सकाळी येता का, आणि तुमचं ते यंत्र घेऊन या.

मी गेले. मुलगा भटजींना आणायला गेला होता. त्याला मुद्दामच त्या वेळी पाठवलं असावं. घर सुतकातलं, देवघरावर कापड टाकलेलं. काकू मला थेट मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे खुंटीला पांढऱ्या कापडात बांधलेलं मडकं टांगलेलं होतं. आप्पांच्या अस्थी.

"नाशिकला न्यायच्यात," काकू म्हणाल्या. "रामकुंडात सोडायच्यात. तिथे लोक आंघोळ करतात, ओंजळ भरून तोंडात पाणी घेतात. तीर्थच ते. ह्यांच्या हाडांतलं त्यात जाऊन कुणाला बाधायला नको. आधी बघून सांगा."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं? मला एकदा बोलावलंत, पोरीला एकदा. त्यांना तीनदा. ज्याचं निल येतं त्याला कुणी परत बोलावतं का? ते निल म्हणाले, मी निल ऐकलं. रोज वाटी देताना मी मान वळवायची. ते बघायचे आणि पिऊन टाकायचे."

मी पिशवीचं बक्कल सोडलं आणि सवयीने थांबले. मीटर बाहेर काढून पिशवी दाराबाहेर ठेवायला वळले. काकू म्हणाल्या, राहू दे, सुतकात कसलं सोवळं.

मीटर मडक्याजवळ नेलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. काकूंनी माझा दंड धरला. मी म्हटलं, घाबरू नका, एवढं सगळीकडेच असतं, दगडामातीतून येतं, आकाशातून येतं, तुमच्या अंगणातही येईल. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी त्यांना ते दाखवलं. तिथेही तसंच, मधूनच टक. त्या हाडांत जे होतं ते पकडायला पोलादी खोली लागते, हातातल्या मीटरला ते ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी तेही त्यांना सांगितलं. पण इतकं थोडं गोदावरीच्या पाण्यात गेल्यावर त्याने कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

"म्हणजे सोडू?"

"सोडा काकू. कुणाला काही होणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

सगळ्या नोकरीत हा शब्द मी क्वचितच वापरला असेन. आमच्याकडे बहुधा म्हणतात, सहसा म्हणतात, शक्यता कमी आहे म्हणतात. काकूंनी मान हलवली. पदराने मडक्यावरची धूळ पुसली, मग दोन्ही हातांनी ते खालून सावरून धरलं, जसा त्या दिवशी मी डबा धरला होता.

"देवाला तुम्ही पाण्यात सोडू दिलं नाहीत," त्या म्हणाल्या. "ह्यांना तरी सोडू देताय."

मी मीटर बंद केलं.